मदत हवी आहे: सासऱ्यांकडची जुनी अमेरिकन सोन्याची नाणी विकायची आहेत

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत असते. सासरे गेल्यावर त्यांच्या कपाटात दोन नाणी सापडली: 1904 चं वीस डॉलरचं (डबल ईगल) आणि 1882 चं पाच डॉलरचं. मोठं नाणं काट्यावर 33.4 ग्रॅम भरलं. 90 टक्के सोनं, म्हणजे साधारण 30 ग्रॅम शुद्ध. मागच्या बाजूला गरुडाखाली कुठलंच अक्षर नाही, म्हणजे ते फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचं. छोट्यावर तिथेच बारीकसा 'एस' आहे, तो सॅन फ्रान्सिस्कोचा.

आता गोची ऐका. सासूबाईंनी बांगड्या धुतात तशी दोन्ही नाणी रिठ्याच्या पाण्यात घालून ब्रशने घासली! चकाकतात छान, पण भिंगातून पाहिलं की लिबर्टीच्या (नाण्यावरच्या स्त्रीच्या मुखवट्याच्या) गालावर केसासारखे ओरखडे दिसतात. त्यांना काय बोलणार, प्रेमानेच केलं.

इथल्या एका दुकानदाराने नीट न बघताच वितळवण्याच्या भावाहून कमी सांगितलं. 1904 चं नाणं दुर्मीळ नाही हे मलाही कळतं, पण सोन्याइतके तरी पैसे यायला हवेत ना?

पीसीजीएस किंवा एनजीसी या नाण्यांचा अस्सलपणा आणि दर्जा तपासणाऱ्या कंपन्यांकडे पाठवलं तर दर्जाचा 70 पैकी आकडा न मिळता 'डिटेल्स', म्हणजे साफ केलेलं, असा शेरा येईल अशी भीती वाटते. मग ग्रेडिंगची फी आणि विम्याचं टपाल वायाच ना? की अस्सलपणाचा शिक्का मिळाला तरी विकताना फायदा होतो? आणि वारसा म्हणून आलेल्या नाण्यांवर कर कसा धरतात? कोणी स्वतः विकली असतील तर कृपया सांगा.