मदत हवी आहे: एकाच अटीवर इफ आणि काउंटइफ वेगवेगळी उत्तरं का देतात?

नमस्कार मंडळी,

एक्सेलमध्ये ६० जणांच्या गुणांची शीट आहे. गुण बी कॉलममध्ये, बी२ ते बी६१. सी कॉलममध्ये हा फॉर्म्युला खालपर्यंत ओढला आहे:

=इफ(बी२>=४०,"पास","नापास")

यात ५० पास आणि १० नापास दिसतात. पडताळणीसाठी दुसरीकडे अटीत बसणारे सेल मोजणारं काउंटइफ लिहिलं:

=काउंटइफ(बी२:बी६१,">=४०")
=काउंटइफ(बी२:बी६१,"<४०")

उत्तरं आली ४१ आणि ७. म्हणजे ४८च. बाकीचे १२ जण कुठे गेले? त्यात एका ओळीत गुण २८ आहेत आणि शेजारी चक्क "पास" लिहून आलंय. चिन्ह तेच, आकडा तोच, मग फरक कशाने पडतो?

आणखी दोन गोष्टी अडल्या आहेत. ४० हा आकडा ई१ मध्ये ठेवून ">=ई१" लिहिलं तर उत्तर शून्य येतं. आणि ब श्रेणीसाठी इफमध्ये ६०<=बी२<७५ अशी अट घातली, तर ती श्रेणी कोणालाच मिळत नाही. एररही येत नाही.

नुसता तयार फॉर्म्युला नको, ही चिन्हं आत काय करतात ते समजून घ्यायचं आहे. निकाल लोकांच्या हातात जायचाय, त्यामुळे अंदाजावर सोडवत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ई१ चं सांगतो. अवतरणचिन्हांच्या आत जे असतं ते एक्सेल जसंच्या तसं मजकूर म्हणून घेतं, ई१ मध्ये डोकावत नाही. चिन्ह आत ठेवा, सेल बाहेर काढा आणि & ने जोडा: ">="&ई१. इफमध्ये मात्र अवतरणं लागत नाहीत, तिथे थेट बी२>=ई१.

आणि => असं उलटं लिहू नका, ते चालत नाही. आधी > मग =.

प्रतिसाद २

तुमचा २८ वाला सेल नीट बघा. तो आकडा सेलमध्ये डावीकडे चिकटलाय का? तसं असेल तर तो आकडा नाही, आकड्यासारखा दिसणारा मजकूर आहे. दुसरीकडून कॉपी करून आणलेल्या गुणांत हे हमखास होतं. खात्रीसाठी शेजारी =इझनंबर(बी२) टाका, आकडा असेल तर ट्रू (खरं) आणि मजकूर असेल तर फॉल्स (खोटं) येईल.

आता मुख्य मुद्दा. इफमधलं >= आधी दोन्ही बाजूंचा प्रकार बघतं. एक्सेलच्या क्रमात कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा, आणि ट्रू-फॉल्स त्या दोघांपेक्षा मोठे. त्यामुळे मजकुरातला २८ सुद्धा ४० पेक्षा मोठा ठरतो आणि पास होतो. काउंटइफचं वागणं वेगळं: ">=४०" किंवा "<४०" म्हटलं की ते फक्त खरे आकडे मोजतं, मजकूर सोडून देतं.

श्रेणीचा घोटाळाही याच क्रमातून आलाय. ६०<=बी२<७५ मध्ये आधी ६०<=बी२ तपासलं जातं, त्याचं उत्तर ट्रू किंवा फॉल्स. मग ते उत्तर ७५ पेक्षा लहान आहे का हे बघितलं जातं, आणि ते कधीच नसतं. दोन अटी सुट्या करून अँडमध्ये घाला: अँड(बी२>=६०,बी२<७५).

दुरुस्तीसाठी बी कॉलम निवडून डेटा मेनूतलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि सरळ फिनिश दाबा, म्हणजे मजकुरातले आकडे खरे आकडे होतील. नुसता फॉरमॅट बदलून नंबर केल्याने आधीचा मजकूर बदलत नाही. काही जण पेस्ट स्पेशलने १ ने गुणायला सांगतील, पण त्यात रिकामे सेलही निवडलेत तर तिथे ० येऊन बसतो. गुणांच्या शीटमध्ये तो धोका पत्करू नये.

धागाकर्ता

इझनंबर लावून पाहिलं, ९ सेल मजकूर निघाले. टेक्स्ट टू कॉलम्सनंतर काउंटइफ ४७ आणि १० दाखवतं, सी कॉलममध्ये ४७ पास आणि १३ नापास. उरलेले तिघं गैरहजर आहेत, त्यांचे सेल रिकामे आहेत. इफ त्यांना नापास का धरतं?

प्रतिसाद २

कारण आकड्याशी तुलना करताना इफ रिकामा सेल ० समजतं. काउंटइफ "<४०" मध्ये रिकामे सेल मोजत नाही, पण "<>०" लिहिलंत तर मोजतं, तेवढं लक्षात असू द्या. रिकाम्याची अट सगळ्यात आधी घ्या, मग मजकुराची, मग गुणांची:

=इफ(बी२="","गैरहजर",इफ(इझनंबर(बी२),इफ(बी२>=४०,"पास","नापास"),"तपासा"))

पुढे कोणी पुन्हा मजकूर पेस्ट केला तर तो पास होणार नाही, "तपासा" म्हणून समोर येईल.

धागाकर्ता

जुळलं! पास ४७, नापास १०, गैरहजर ३. दोघांचेही मनापासून आभार. त्या ९ जणांपैकी तिघांना चुकीचा निकाल गेला असता.