एकशिक्षकी शाळेच्या आठवणी

गिरणाकाठ: परवा गावी गेलो तर मारुतीच्या पारामागची खोली पाडलेली. चार वर्ग, एक गुरुजी, एक फळा. चौघांची तोंडं चार भिंतींना. तिसरी-चौथीची पोरं पहिलीची उजळणी घ्यायची, तोवर गुरुजी आमची गणितं तपासत. शनिवारी पोरी शेणानं सारवायच्या, आम्ही कोळसा नि पाला वाटून फळा काळा करायचो. बोटं सोमवारपर्यंत काळीच. तुमच्याकडे काय होतं?

केळीची बाग: आमची चावडीत भरायची. तलाठी आला की सुट्टी 😄

तापीवासी: वडील लोकल बोर्डाच्या शाळेतले. 1923 च्या कायद्यानं प्राथमिक शाळा बोर्डाकडे गेल्या, 1962 ला जिल्हा परिषद आली, तरी मरेपर्यंत ते 'बोर्डाची शाळा'च म्हणाले. सातवी फायनल पास, त्यावर गावभर मान. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, हे पाव-अर्ध्या-सव्वा-दीडचे पाढे तोंडपाठ. 1957 ला नवे पैसे आले नि सगळी पाठांतरं वाया गेली म्हणून चिडायचे. मी आजही साडेसातचं पाऊणपट मोबाईलवर काढतो. असो.

धुळेकरीण: मी धाकट्याला कडेवर घेऊन दाराशी बसायची. तो रडला की बाहेर. पाटीवर 'ग' निम्मा राहिलेला अजून आठवतो.

अहिराणी गडी: कापूस येचाना टाईमले शाया रिकामी! बाप म्हने, 'शाया शिकीसन काय कलेक्टर व्हशी? येचाले चाल.' दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी साहेब, येणार कळलं की गुरुजी स्वतः शेतात, पोरं हाकत आणायचे. हजेरी भरली, दिपोटीसाहेब खूश, दुपारी पुन्हा आम्ही शेतात.

तापीवासी: 😂 दिपोटी! किती वर्षांनी ऐकला हा शब्द.

केळीची बाग: आमच्या दिपोटीला भरीत नि कळण्याची भाकर लागायची, तपासणी त्यानंतर.

धुळेकरीण: वांगी कुठली पण?

केळीची बाग: बामणोदचीच की. ताई, विचारायची गोष्ट आहे का!

गिरणाकाठ: धागा भरताकडे गेला 🙏 त्या खोलीचा दरवाजा मात्र सापडला, एकाच्या गोठ्याला लावलाय. आतून खडूनं काढलेला पाढा, पुसट आहे, तेरा सक्के अठ्ठ्याहत्तरपर्यंत वाचता येतो.

धुळेकरीण: फोटो टाका ना.

गिरणाकाठ: म्हैस आडवी आली. उद्या.