सिझर किती झाली मोजता, नीट झालं का ते कोण बघणार?

कृष्णाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "सांगली-मिरजेत पैशासाठी पोटं फाडतात, आमच्या आज्यांची बाळंतपणं घरातच झाली." झाली, आणि त्यात किती जणी गेल्या? आकडे मलाही पाठ आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खासगीत ४७.४ टक्के सिझर, सरकारीत १४.३. पण झालेलं सिझर नीट झालं का? टाक्यांत पू होतो, ओली बाळंतीण ड्रेसिंगला खेटे घालते. अँटिबायोटिक चीर देण्याआधी तासाभरात टोचायचं असतं. नंतर गोळ्यांची पिशवी देऊन ती कसर भरून निघत नाही.

दुष्काळी_टापू: आधी सिझर व्हायला तर पाहिजे! जत तालुक्यातून आमच्या वहिनीला रात्री सांगलीला पाठवलं, भूल द्यायला कुणी नाही म्हणून. १०८ मध्ये अख्खा रस्ता कळा देत होती. तुम्ही बसा टाके बघत.

विट्याची_सून: मला "नाळ गळ्याभोवती आहे" म्हणून घाबरवलं. जावेला तेच, नणंदेला तेच. आमच्या घरातली सगळी पोरं फास लावूनच येतात काय? नुसत्या तेवढ्यावर सिझर लागत नाही, हे नंतर कळलं.

ओटीतली_सिस्टर, सातारा: सगळं डॉक्टरवर ढकलू नका. सदतिसाव्या आठवड्यात गुरुजींची चिठ्ठी घेऊन येतात, "११:५२ लाच बाळ बाहेर पाहिजे." कारण नसताना ३९ आठवड्यांआधी ठरवून सिझर करू नये. बाळाला धाप लागते, मग ठेवा काचेच्या पेटीत.

कोरेगावचे_अण्णा: डॉक्टर आपल्या सोयीने वार ठरवतो ते चालतं, आम्ही वेळ मागितली की अंधश्रद्धा? नातवाची पत्रिका बघा एकदा, राजयोग आहे.

ओटीतली_सिस्टर, सातारा: राजयोग लिहिलात, आता तो पेटीत होता का तेही लिहा.

कोरेगावचे_अण्णा: ठेवला होता थोडा. हल्ली सगळ्यांनाच ठेवतात.

विट्याची_सून: अण्णा, गुरुजींचा नंबर द्या. टाळायला बरा.

कोरेगावचे_अण्णा: मोठ्यांशी बोलायची ही पद्धत नव्हे!

कृष्णाकाठ: मुहूर्ताचा धागा वेगळा काढा हो. सिस्टर, सरकारी लेबर रूम आणि प्रसूतीची ऑपरेशन थिएटरं (ओटी) २०१७ पासून केंद्राच्या 'लक्ष्य' या दर्जा-योजनेत तपासतात. खासगीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं 'मान्यता' प्रमाणपत्र आहे, पण ज्याला वाटेल त्याने घ्यावं. मग टाके पिकल्याची नोंद दाखवायला कोण सांगणार? टापूवाले, तुमचं मान्य, भूलतज्ज्ञच नसेल तर माझं सगळं बाजूलाच राहिलं.

दुष्काळी_टापू: उपकार झाले. रात्री दोन वाजता आमच्याकडे भूल द्यायला कोण येणार, तेवढं सांगा.