लूगरच्या मुठीवरचा शिक्का
तुमच्या लूगरच्या, म्हणजे या जुन्या जर्मन लष्करी पिस्तुलाच्या, सिरियल नंबरावरून ते कुठल्या रेजिमेंटचं होतं हे सापडेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही सापडणार, तो आकडा कारखान्याचा. खरी किल्ली तुमच्या दुसऱ्या फोटोत आहे: मुठीच्या पुढच्या पट्टीवरचा '२७.आर.८.१४'. म्हणजे २७ वी पायदळ रेजिमेंट, ८ वी कंपनी, १४ वं हत्यार. आधी 'बी' नाही, म्हणून बव्हेरियन (स्वतःचं सैन्य असलेल्या दक्षिण जर्मन राज्याची) नव्हे. ही प्रशियाची, म्हणजे सर्वांत मोठ्या जर्मन राज्याची, हाल्बरश्टाट शहरात ठाणं असलेली रेजिमेंट.

चेंबरवर १९१२ आणि १९२० अशी दोन सालं आहेत ना? पहिलं निर्मितीचं. दुसरं वायमार काळातलं, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या काळातलं, सरकारी मालमत्तेची खूण. घासून काढू नका, तोही इतिहासच आहे!

वाईट बातमी अशी की पॉट्सडॅममधलं प्रशियन सैन्याचं दप्तर एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. बव्हेरियन असती तर म्युनिकच्या युद्ध-अभिलेखागारात पुष्कळ मिळालं असतं. तरी हताश होऊ नका. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन हानीच्या (मृत, जखमी, बेपत्ता सैनिकांच्या) छापील याद्या ऑनलाइन आहेत, आणि युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांच्या याद्यांत रेजिमेंट, कंपनीनुसार नावं आहेत. आठव्या कंपनीपासून सुरुवात करा. पिस्तूल नेमकं कोणाच्या कमरेला होतं हे त्यातून ठरणार नाही, पण त्या कंपनीतली काही माणसं नावानिशी समोर येतील.

मॅगझिनच्या बुडावरचा नंबर पिस्तुलाशी जुळतो का, तेवढं कळवा.