आधी ओळख की आधी उपासना?

पहाटवारा
देवाला नीट ओळखल्याशिवाय त्याची उपासना होऊच शकत नाही, असं परवा आमच्या शास्त्राभ्यासात ठामपणे मांडलं गेलं. मला ते पटलं नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायातले, अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोन शिष्य आठवा. मरणातून उठलेला खुद्द येशू त्यांना मोशेपासून सगळ्या संदेष्ट्यांपर्यंत शास्त्र उलगडून सांगतो, तरी तो कोण हे त्यांना कळत नाही. जेवायला बसल्यावर त्याने भाकर घेतली, आशीर्वाद दिला, मोडली, आणि मग त्यांचे डोळे उघडले.

इतिहासही असाच घडलाय. सुमारे ११२ साली बिथुनिया प्रांताचा रोमी सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो, की हे ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी उजाडण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे, हे निकीयाला जमलेल्या बिशपांच्या परिषदेने शब्दांत बांधलं ते ३२५ साली. स्तोत्र आधी, व्याख्या दोनशे वर्षांनी. देवाची ओळख गुडघे टेकल्यावरच होते असं माझं मत आहे.

शब्दवेडा
असहमत, आणि यात माझं स्वतःचं दुखणं आहे. योहान ४ मध्ये विहिरीपाशी येशू शोमरोनी, म्हणजे यहुद्यांपासून वेगळ्या पंथाच्या, स्त्रीला सरळ सांगतो, की तुम्हाला ज्याची माहिती नाही त्याची तुम्ही उपासना करता. पुढचं ‘आत्म्याने व खरेपणाने’ सगळ्यांना पाठ असतं, त्याआधीचं हे वाक्य कोणी काढत नाही. इस्राएली लोकांसाठी घडवलेल्या सोन्याच्या वासरापुढे वेदी बांधून मोशेच्या भावाने, अहरोनाने, काय पुकारलं? उद्या परमेश्वराचा उत्सव! नाव बरोबर होतं, देव भलताच होता.

देव चुकांची वही उघडून बसलाय, असं लहानपणी एका शिक्षकांनी माझ्या मनात भरवलं. बारा वर्षं मी एक दिवस न चुकता प्रार्थना केली. ताप आला की आठवत बसायचो, कुठल्या रात्री झोप लागली आणि प्रार्थना राहिली. त्याला उपासना म्हणायचं की खंडणी? मग एकदा येशूने सांगितलेला, बापाची मालमत्ता उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या पुत्राचा दाखला सावकाश वाचला. मुलगा परतण्याआधी वाक्यं जुळवतो, त्यातलं शेवटचं ‘मला एका चाकरासारखं ठेवा’. बापासमोर ते वाक्य येतच नाही, बाप झगा आणायला सांगून मोकळा होतो. बारा वर्षं मी तेच वाक्य घोकत होतो. मी त्या दिवशी खूप रडलो.

पहाटवारा
तुमच्या मनात जे भरवलं गेलं, त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण मत्तय २८ वाचा. डोंगरावर अकरा शिष्यांनी येशूला नमन केलं, तरी काहींना संशय वाटला. तो संशय फिटेपर्यंत येशू थांबत नाही, त्यांनाच सगळ्या राष्ट्रांकडे पाठवतो. आधी ओळख पटवा म्हणून आपण माणसाला दाराशी उभं करायचं का?

शब्दवेडा
संशय वेगळा, खोटी ओळख वेगळी. संशय असलेला जवळ येऊन विचारतो, भीती शिकलेला लपतो. शिवाय अम्माऊसमधली एक ओळ तुमच्याकडून सुटली. तेच दोघे नंतर म्हणतात, वाटेत तो शास्त्र उलगडत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत पेटलं नव्हतं का? भाकर मोडण्याआधीच काम सुरू झालं होतं.

कंदील
माझ्या वडिलांची स्मृती गेली आहे. मला ते ओळखत नाहीत. रात्री शेजारी बसून प्रभूची प्रार्थना सुरू केली की त्यांचे ओठ हलतात. ‘आमची रोजची भाकर’पर्यंत येतात, तिथे अडतात, माझी बोटं घट्ट धरतात, आणि पुढचं मी म्हणतो. तुम्हा दोघांच्या मांडणीत ते कुठे बसतात? गलतीकरांना पत्र लिहिताना प्रेषित पौल स्वतःलाच मध्ये दुरुस्त करतो: तुम्ही देवाला ओळखता, किंबहुना देवाने तुम्हाला ओळखलं आहे. त्या ‘किंबहुना’वर माझे दिवस निघतायत.

शब्दवेडा
ओळख म्हणताना मी फक्त डोक्यातल्या ओळखीचं बोलत होतो, ते माझं चुकलं. तरी एक विचारतो. ‘हे आमच्या पित्या’ म्हणायला त्यांना कधीतरी कोणी शिकवलं असेलच ना? पिता म्हणजे कोण, हे सांगून? माझा आग्रह तेवढाच आहे.

कंदील
हो, आजीने शिकवलं. तिला वाचता येत नव्हतं.