लायब्ररीत सगळंच ठेवायचं, का फक्त मजकूर एकसारखा करायचं काम? २.० व्हर्जनबद्दल मत हवंय

तापीकाठ (जळगाव):
नमस्कार मंडळी. आपली मराठी मजकुराची पायथन लायब्ररी मी आणि अजून एक जण सांभाळतो, दोघंही नोकरीवाले, म्हणजे रविवारी होईल तेवढंच. ज्याने जे मागितलं ते घालत गेलो, स्टेमर (शब्दाचं मूळ काढणारा), स्टॉपवर्ड (शोधताना वगळायचे 'आणि', 'पण' सारखे शब्द), अंकांचं अक्षरी, रोमनचं देवनागरी, सॉर्टिंग, आणि मजकूर एकसारखा करायचं मूळ काम मात्र कच्चं राहिलं.

परवा पाचोऱ्याच्या मित्राने बी-बियाण्याच्या दुकानाची गिऱ्हाईकांची यादी आपल्या लायब्ररीतून काढली, तर 'पाचोऱ्याला' शोधलं की बऱ्याच नोंदी येईनात. ऱ्य दोन तऱ्हेने टाइप होतो, कुठे ऱ, हलन्त, य तर कुठे र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडणारं अक्षर), य. डोळ्याला दोन्ही सारखेच. आणि आपलं क्लीन फंक्शन न दिसणारी अक्षरं सरसकट काढतं, त्यामुळे दुसऱ्या तऱ्हेचं 'पाचोर्याला' होऊन बसतं. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, म्हणजे सातपुड्यातून थेट समुद्रात! ते फंक्शन माझंच आहे, मला फार लागलं.

'ॲग्रो'चंही तेच. कोणी ॲ हे एकच अक्षर टाकतं, कोणी अ टाकून वर चंद्र देतं, कोणी मधे झेडडब्ल्यूजेही घालतं. एनएफसी (युनिकोड या अक्षरांच्या कोड-पद्धतीतलं, समान रूपं एक करणारं रूपांतर) केलं तरी हे एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी ते समान नाहीतच.

तर माझं म्हणणं असं की २.० मध्ये लायब्ररीने एवढंच करावं, दिसायला एक ते आतून एक. बाकी सगळं काढू. सॉर्टिंगही, ते आयसीयू नावाची तयार लायब्ररी आपल्यापेक्षा चांगलं करते, त्यात ह नंतर ळ हा मराठीचा क्रम आहे आणि २०१६ पासून तो प्रोजेक्ट युनिकोड कन्सॉर्शियमकडेच आहे. आपण कोडपॉइंटने (युनिकोडमधल्या अक्षराच्या नंबराने) लावतो म्हणून आपला ळ, ल आणि व च्या मधे येतो. काय वाटतं?

शिरपूरकर:
भाऊ, दिशा बरोबर आहे पण अंकांचं अक्षरी काढू नका ना. माझ्याकडं तीन दुकानांची बिलं त्याच्यावर निघतात, खाली 'अक्षरी रुपये' लागतंच, आणि मराठीत एक ते शंभर प्रत्येक आकडा वेगळा, एकोणसाठ एकोणसत्तर परत कोण लिहीत बसेल. काढायचंच तर वेगळं पॅकेज करा, जुन्यात वर्षभर नुसती वॉर्निंग येऊ द्या, मी सांभाळतो ते पॅकेज, खरंच सांगतो.

साक्रीची लेक:
मी अहिराणी म्हणी आणि ओव्या टाइप करून ठेवते, माझ्या आजीच्या तोंडच्या. आमच्यात 'काय करी ऱ्हायना' हे घडोघडी येतं, आणि तुमच्या १ नंबरच्या व्हर्जनने माझ्या फायलीतले निम्मे ऱ्हा मोडले. दादा, एक कळकळीने सांगते, एकसारखं करणं आणि शुद्ध करणं यात गल्लत करू नका. कोणी 'राह्यना' लिहिलं तर ते तसंच राहू द्या, ती त्या गावची बोली आहे. अहिराणीला आयएसओचा स्वतंत्र कोड आहे, एएचआर, तर तुमच्या टेस्टमध्ये तिचे शब्दही घाला, मी दोनशे देते.

केळीपट्टा (रावेर):
क्रमाकडं लक्ष द्या भो. आधी र-हलन्त-झेडडब्ल्यूजे चं ऱ-हलन्त करा आणि मगच बाकीचे झेडडब्ल्यूजे काढा, उलटं केलं की गेलं. ऱ वालं रूपच पक्कं धरा, उद्या दुसऱ्या कोणत्या टूलने न दिसणारी अक्षरं उडवली तरी ते टिकतं.
दुसरं, ज्यांनी १ नंबरने साफ करून डेटाबेसमध्ये सर्च की (शोधायला लागणारं साफ केलेलं रूप) साठवल्यात त्यांना २.० ची की जुळणार नाही, सगळा इंडेक्स नव्याने करावा लागेल, हे रीडमीच्या पहिल्या ओळीत लिहा. आणि ज्यांनी मूळ मजकूरच पुसला त्यांचं परत येत नाही, 'दर्या' पाहून मशीनला काय कळणार की तो दरीचा का समुद्राचा.

तापीकाठ (जळगाव):
शिरपूरकर भाऊ, मान्य, अक्षरी वेगळं पॅकेज, तुम्हाला रिपोचा (कोड ठेवतो त्या जागेचा) ॲक्सेस आज देतो. ताई, तुमचं वाचून हललो, 'शुद्ध' नावाचं फंक्शन होतं ते नावासकट जातंय, नवीन 'एकरूप' ते फक्त एन्कोडिंगला हात लावेल, स्पेलिंगला नाही. तुमचे दोनशे शब्द टाका, तुम्ही म्हणाल त्याच लायसन्सवर ठेवू, आणि त्या टेस्ट पास झाल्याशिवाय २.० पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारावर) चढणार नाही. क्रमाचा बग मात्र २.० पर्यंत थांबवत नाही, पण केळीपट्टा म्हणतात तसं सर्च की बदलतील, म्हणून १ च्या पुढच्या रिलीजमध्ये तो वेगळ्या फ्लॅगखाली (मुद्दाम चालू केला तरच) देतो, डीफॉल्ट जुनाच. रविवारी पुल रिक्वेस्ट (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) टाकतो, पाचोऱ्याची यादी मित्राला विचारून नावं बदलून टेस्टला घेतोय.