मदत हवी आहे : मंडईच्या फोटोंची गोष्ट कशी जुळवू?

नमस्कार मंडळी,

गेले सहा महिने दर रविवारी सकाळी पुण्याच्या महात्मा फुले मंडईत कॅमेरा घेऊन जातेय. १८८६ सालची ती अष्टकोनी मनोऱ्याची इमारत सगळेच टिपतात, मला मात्र गाळ्यांवरची माणसं हवी आहेत. ३५ मिमीची, झूम नसलेली एकच लेन्स, त्यामुळे जवळ जावंच लागतं, आणि आधी बोलावं लागतं. ते मला आवडतं.

एक आजी मेथीच्या जुड्या लावतात. भवानी झाली की ती नोट आधी तराजूला लावतात, मग कपाळाला. जेमतेम दोन सेकंदांचा खेळ. तीन रविवार हुकला, चौथ्यांदा मिळाला, तर फोटोवर आडवे काळपट पट्टे! आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, हे नंतर कळलं. शटरचा वेग १/१०० सेकंद ठेवला की पट्टे जातात, पण आजींचा हात फोटोत किंचित हललेला येतो. तुम्ही काय करता? आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२००च्या वर मी नेलेला नाही.

त्याहून मोठी अडचण निवडीची. चारशे फोटोंतून बाराच ठेवायचेत. पहाटेपासून दुपारपर्यंत वेळेनुसार लावू, की फक्त आजींचीच गोष्ट सांगू? एकेक फोटो चांगला वाटतो, पण शेजारी ठेवले की एकमेकांशी बोलत नाहीत.

ज्यांनी अशी मालिका केली आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा. आजींना त्यांचा फोटो छापून द्यायचाय, दिवाळीच्या आधी.